चार पावलं सोबत

१

रविवारी दुपारी आमच्या गावातले म्हातारे रानात शिरतात. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग जेवण, मग लॉख कारन तळ्याच्या काठाने फेरी, आणि शेवटी सभागृहात चहा नि हॅमचे सँडविच. वाटेत जे जे पडकं आहे त्याच्यापुढे थांबायचं: जमीनदाराच्या बड्या घराची भिंत, त्याचं बर्फघर, चुन्याची भट्टी, आणि चढावरचा मठ. पडक्या गोष्टींचं आमच्याकडे फार कौतुक. उभं आहे ते बघायला कोणी येत नाही.

सगळ्यांच्या पुढे माझा बाप. त्याचं नाव बार्टली गेराटी, पण त्याला नावाने हाक मारणारी एक आई आणि एक आत्या. बाकीच्यांचा तो मास्तर. गावातल्या शाळेत त्याने सगळ्यांना पाढे शिकवले, मलाही. वर्गात मी त्याला ‘सर’ म्हणायचो. घरी आल्यावर फार फरक पडायचा असं नाही.

सगळ्यांच्या मागे मी. नारिंगी जॅकेट घालायचं, कोणी रेंगाळलं तर हाकत आणायचं, आणि गुरं बाहेर पडू नयेत म्हणून प्रत्येक फाटक लावून घ्यायचं. गॉलवेचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आल्यावर मला मिळालेलं हे एकमेव पद. मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून मास्तर माझ्याशी थेट बोलला नव्हता. मी समोर बसलेला असलो तरी आईला सांगायचा, “त्याला विचार, अजून बटाटे हवेत का.” आईही विचारायची. मीही तिलाच सांगायचो.

त्या उन्हाळ्यात त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टरांनी चढ चढू नका म्हणून बजावलं होतं. डॉक्टर त्याचाच विद्यार्थी, त्यामुळे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

“तू त्याच्यावर नजर ठेव,” आई मला दारात म्हणाली. नोव्हेंबर होता, धुकं कुंपणापर्यंत आलं होतं. “तो तुझं ऐकणार नाही, माहितीये मला. तरी त्याला घरी घेऊन ये. बास.”

“चालत चालत ते स्वर्गात गेले तर?”

“डोनखा.” माझं नाव तिने दटावून घेतलं आणि माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. “घेऊन ये म्हटलं ना.”

२

रानात शिरलं की माझ्या अट्रॅक्टा आत्याचं तोंड सुरू होतं आणि सभागृहात बिस्किट तोंडात गेलं की थांबतं. ती बापाची थोरली बहीण. लग्न केलं नाही. म्हणते, ऐकून घेणारा मिळाला नाही.

“तुझ्या वयात तुझा बाप साठ पोरं सांभाळत होता,” बर्फघराजवळ ती मला म्हणाली. “तू फाटकं सांभाळतोस. निदान ती तरी नीट लाव.”

“फाटकं ऐकतात तरी, आत्या.”

“बघितलंस?” ती मॅलकीकडे वळली. “जीभ शिकून आला. डिग्री तेवढी राहिली.”

मॅलकी म्हणजे गावचा निवृत्त पोस्टमन. तो नेहमीसारखा हसला. “असू दे गं. डिग्री पेन्शनीत चालत नाही, जीभ चालते.”

पुढे मास्तर बर्फघराच्या तोंडाशी उभा राहून जमीनदार बर्फ कसा साठवायचा ते सांगत होता. दर रविवारी तेच. तळ्यावरचा बर्फ कोणी फोडला, कोणाची बोटं गेली, हे तो कधी सांगत नसे. भिंत किती फूट जाड, ते मात्र सांगायचा. म्हातारे माना डोलवायचे. मला वाटायचं, या लोकांना कोणीही पुढे उभं राहून सावकाश बोललं की पुरतं.

भट्टीनंतर एक फाटक आहे. त्याची कडी गंजलेली, उचलून ढकलावी लागते. मी ती लावली, वर बघितलं, आणि मला काहीतरी खटकलं. काय ते लगेच कळेना.

मग कळलं. आत्या गप्प होती.

सगळेच गप्प होते. आणि सगळे सावकाश चालत होते. दमल्यावर चालतात तसं नव्हे. एक पाऊल, मग थांबल्यासारखं, मग दुसरं. सगळ्यांचं एकदम. पुढे कोणीतरी ताल धरल्यासारखं.

३

मठाच्या चढावरून एक मयत खाली येत होती.

आमच्याकडे रीत अशी की वाटेत मयत भेटली तर टोपी काढायची, क्रुसाची खूण करायची, आणि आपण उलट्या दिशेला जात असलो तरी वळून तिच्यासोबत चार पावलं चालायचं. मग आपल्या वाटेला लागायचं. कोणाची मयत, हे विचारायचं कारण नाही. शत्रूची असली तरी चार पावलं. ही रीत कोणी शिकवत नाही. चमचा धरायला लागतो तशी ती अंगात येते. म्हणून माझ्या पुढची सगळी रांग वळली आणि माझ्याच दिशेने परत येऊ लागली, डोकी उघडी, नजर खाली. मी तेवढा मध्ये उभा राहिलो, गोठ्यातून सुटलेल्या वासरासारखा.

सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली होती, जोडीजोडीने, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आमच्याकडे घेतात तशीच. मागे दहा-बारा माणसं. साधे कोट, साधे बूट. चेहरे ओळखीचे वाटले. पण मयतीत सगळ्यांचेच चेहरे ओळखीचे वाटतात.

“कोण गेलं?” मी मॅलकीला विचारलं.

“हळू बोल.”

“पण कोण? सकाळी रेडिओवर आपल्या गावचं कोणी नव्हतं.” रेडिओवर रोज सकाळी मेलेल्यांची नावं सांगतात. ती ऐकल्याशिवाय मास्तर अंड्याला हात लावत नसे. त्या दिवशी “कोणी नाही” असं म्हणून, थोड्या निराशेनेच, त्याने अंडं फोडलं होतं.

“असेल पलीकडच्या गावचं.”

“पाद्री कुठाय? गाडी कुठाय?”

“मयतीत असले प्रश्न विचारतात का रे?” मॅलकी म्हणाला आणि त्याने क्रुसाची खूण केली.

मीही डोकं चालवायला लागलो. इंजिनिअरिंग सोडलं तरी डोकं सुटत नाही. नाटकवाले असतील. वारसा सप्ताहात असलं काहीबाही करतात. किंवा शूटिंग. कॅमेरा धुक्यात असेल. मी खरोखर झाडांमध्ये कॅमेरा शोधला.

तेवढ्यात ते माझ्या बाजूने गेले आणि मला त्यांची पावलं ऐकू आली. वाटेवर सुकी पानं होती. आमच्या लोकांच्या पायाखाली ती चुरचुरत होती. त्यांच्या पायाखाली नाही. त्यांची पावलं पचक, पचक वाजत होती, बुटात पाणी भरलं की वाजतात तशी.

आणि मग जे सगळ्यात आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. दफनभूमी मठात आहे. मयत मठाकडे जाते. ही मयत मठातून येत होती.

४

चार पावलं झाली. आमचे म्हातारे थांबले, टोप्या घातल्या आणि पुन्हा चढाकडे वळले, बसच्या थांब्यावरून वळावं तितक्या सहज. आत्याने तर रुमाल काढून नाक शिंकरलं.

मास्तर वळला नव्हता.

पेटीच्या मागच्या जोडीतला एक उंच माणूस मान तिरकी करून त्याच्याकडे बघत होता. खांदेकरी उंचीने जोडतात, नाहीतर पेटी कलते. मास्तर उंच, मीही त्याच्यावरच गेलोय. त्या माणसाने डोळ्यांनीच विचारलं. आयुष्यात मास्तरने एकाही पेटीला नाही म्हटलं नव्हतं. ज्यांच्याशी वीस-वीस वर्षं बोलला नाही अशांनाही त्याने खांदा दिला. मेल्यावर माणूस उलट बोलत नाही म्हणून असेल. त्याने टोपी खिशात कोंबली, त्या माणसाच्या पाठीवर हलकेच थापटलं आणि त्याच्या जागी शिरला. पेटी इंचभरही हलली नाही.

“आत्या! बाबांनी पेटी घेतली. त्यांचं हृदय...”

“मग काय झालं? घेईल चार पावलं आणि येईल.”

“ही मयत उलटी चाललीये, आत्या! ती फाटकाआधीच तळ्याकडे वळलीये. वाट तिथे संपते.”

तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, हे मी शपथेवर सांगेन. मग तिने ते मिटवलं, स्वयंपाकघराची खिडकी लावावी तसं. “बापाला अक्कल शिकवणारा मोठा,” ती म्हणाली. “चला हो सगळे. चहा गार होईल.”

आणि ते गेले. गावातल्या कोणाहीबद्दल बोला, त्यांना सगळं माहीत असतं. पण डोळ्यांसमोर घडतं ते त्यांना कधी दिसत नाही. यालाच ते चांगले संस्कार म्हणतात.

सुटलेला तो उंच माणूस वाटेच्या कडेला शेवाळलेल्या दगडावर बसला होता. आपले हात उलटेपालटे करून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं सुख मला बघवेना, इतकं ते उघडं होतं. मी त्याला विचारायला गेलो: कुठून आलात, कोण आहे पेटीत. दोन झाडं मध्ये आली. दगडापाशी पोहोचलो तर शेवाळ दबलेलं होतं आणि त्यातून पाणी वर येत होतं.

मी धावलो.

५

“बाबा. सोडा. घरी चला.”

त्याचा गाल पेटीला टेकला होता. कपाळावर घाम. ओठांभोवती तो राखेचा रंग, स्टेंटच्या आधी असायचा तसा. धुक्यातून तळं दिसू लागलं होतं, काठाचे बोरू, त्यांच्यामध्ये काळी फट.

“बाबा, आईने सांगितलंय.”

“शू,” तो म्हणाला. समोर बघत. “मयतीत बोलू नये.”

मला हसू आलं, रडूही. इतक्या दिवसांनी तो थेट माझ्याशी बोलला, आणि काय, तर गप्प बस.

मी त्याचा कोट धरून ओढलं. फाटकाच्या दगडी खांबाला ओढावं तसं. शेजारच्या खांदेकऱ्याचा हात त्याच्या मानेमागून गेला होता आणि त्या हाताची बोटं कोटात रुतली होती. मी मागून चालणाऱ्यांना ओरडून सांगितलं, हा माणूस आजारी आहे, थांबा. त्यांनी माझ्याकडे मिस्सेत पोर रडलं की बघतात तसं बघितलं.

जबरदस्तीने निघणार नव्हता. मग त्याला नाही म्हणता येणार नाही असं एकच उरलं. मी त्याच्या मागे गेलो आणि पाठीवर हलकेच थापटलं.

तो लगेच बाजूला झाला. झालाच असता, रीत होती. मी खांदा आत घातला.

वजन नेहमीच्या पेटीसारखं होतं. आजोबांची उचलली होती, तशीच. पण लाकूड कोमट होतं. नोव्हेंबरात, धुक्यात, त्याला टेकलेला माझा गाल शेकत होता, गाईच्या कुशीला टेकल्यासारखा. आणि चालता चालता आतलं वजन माझ्या बाजूला सरकलं. उतार लागला म्हणून सरकलं असेल. उतार होताच. पण ते एका झटक्यात सरकलं नाही. आधी थोडं, मग थांबून, नीट जागा करून घेऊन, उरलेलं.

शेजारच्याचा हात माझ्या मानेमागून आला. ओला होता.

“घरी जा!” मी मान न वळवता ओरडलो. “बाबा, घरी जा!”

माझ्या बुटात पाणी शिरलं. घोटा. मग पोटरी. पुढची जोडी बोरूत गेली होती आणि त्यांच्या चालीत काही फरक पडला नव्हता. मला स्वच्छ कळलं की मी सोडलं नाही तर मला सोडवायला कोणीतरी पाठीवर थाप मारेपर्यंत मी चालत राहणार. कदाचित फार वर्षं.

मी खांदा काढला.

६

आमच्याकडे पेटी कोणी टाकत नाही. पाय मोडला तरी टाकत नाही. असं काही होऊ शकतं ही कल्पनाच नाही, त्यामुळे त्याला शब्दही नाही.

माझ्या बाजूचा कोपरा खाली गेला. पेटी तिरकी झाली, पाण्याला टेकली. आणि ते थांबले. पहिल्यांदाच. पचक पचक थांबलं, आणि रान किती शांत होतं ते मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे तोंडं वळवली. राग नव्हता. लाज होती. माझ्यासाठी त्यांना लाज वाटत होती.

झाकण बोटभर सरकलं होतं. त्या फटीतून वाफ येत होती. थंडीत तोंडातून येते तशी. येई, थांबे, येई.

मी मागे सरलो आणि काठावर पडलो. मास्तर तिथेच उभा होता. घरी गेला नव्हता. डोकं उघडं, टोपी दोन्ही हातांत, मयत पुढे जाईपर्यंत उभं राहायचं तसा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे, मग त्या वळलेल्या तोंडांकडे. त्याचा चेहरा मला माहीत होता. शाळा तपासायला साहेब आले असताना वर्गातलं पोर चुकलं की तो असा लाल व्हायचा.

“नको,” मी म्हणालो. “बाबा, नको. त्यांना जाऊ द्या.”

तो पाण्यात उतरला. सावकाश, चांगले बूट घालून.

“माफ करा,” तो त्यांना म्हणाला. “माझा मुलगा आहे. त्याला वळण नाही.”

त्याने झाकण हाताने सारखं केलं, हळुवारपणे. मग वाकून तो कोपरा उचलला, खांदा आत घातला. पेटी सरळ झाली. सगळ्यांनी तोंडं पुढे केली.

मी त्याच्यामागे गेलो, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्याच्या पाठीवर थाप मारायला हात लांब केला होता. मारली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. हात पुढे होता एवढं खरं. बोरू मिटले. पलीकडे सपाट पाणी होतं आणि त्यावर धुकं.

७

पाणबुड्यांनी आठवडाभर तळं ढवळलं. काही मिळालं नाही. पोलिसांना मी सांगितलं: तो पाण्यात गेला, मी धरू शकलो नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं. हृदयाचा त्रास, गोंधळलेला म्हातारा. फेरीतल्या कोणीही मयतीचा शब्द काढला नाही. आत्या म्हणाली, बार्टली मागे राहिला असं तिला वाटलं. खोटं बोलली असंही नाही. तिने ते स्वतःला आधी पटवलं होतं.

देह नाही म्हणून पेटी नाही, पेटी नाही म्हणून पुरणं नाही. तरी गाव आमच्या घरी जमलं. सँडविच आले, सफरचंदाचे केक आले. सगळ्यांनी आईचा हात हातात घेऊन “वाईट झालं हो” म्हटलं, माझ्या हाताला नुसता स्पर्श करून पुढे सरकले. मॅलकी चहात साखर ढवळत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“तू खांदा का काढलास रे?” तो खाली कपाकडे बघत म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो. “काय म्हणालात? तुम्ही चढावर गेला होतात ना?”

“काही नाही,” तो म्हणाला. “साखर जास्त झाली,” आणि सिंककडे गेला.

सगळे गेल्यावर मी कपबशा विसळल्या. आईने पुसल्या. बराच वेळ ती एकच बशी पुसत होती. तिने मला दोष दिला नव्हता. देईल म्हणून मी वाट बघत होतो. दिला असता तर भांडता आलं असतं.

“शेवटी काही बोलला का तो?” तिने विचारलं. “तुझ्याशी?”

मी नळ बंद केला. तिला मयतीचं सांगितलं नव्हतं. तिला सांगायला माझ्याकडे एकच चांगली गोष्ट होती, तीही अर्धी. ती अर्धी मी दिली.

“माझा मुलगा आहे, म्हणाले.”

तिने डोळे मिटले. बशी छातीशी धरली. मला वाटलं, बरं झालं सांगितलं.

मग तिने डोळे उघडले.

“कोणाला?” ती म्हणाली.